यादीत नसलेला रंग

१८ फेब्रुवारी

सिस्टर कोलुम्बा आम्हा मुलींना सांगायच्या, "झोपण्याआधी आज काय मिळालं ते लिहा. काय गेलं ते लिहून ठेवायला सैतान बसलाच आहे." पोर्तुगालच्या तेर्सेरा बेटावरचं ते कॉन्व्हेंट, पावसात भिजलेली निळ्या फुलांची कुंपणं, सगळं सोडून कॅलिफोर्नियाच्या या सपाट मुलखात येऊन जन्म गेला, पण वहीची सवय सुटली नाही.

आज मिळालं: एक कुत्रा.

सकाळी सेराफिम दारात उभा. एका हातात फारुस्कोची दोरी, दुसऱ्या हातात त्याचं ताट आणि घोंगडी.

"ताई, याला ठेवून घे."

"किती दिवस?"

"ठेवून घे म्हटलं ना. माझ्याकडे आता राखायला आहे काय? गाई गेल्या. हा रिकाम्या गोठ्याकडे बघून भुंकत बसतो."

"आणि तू?"

"मी भुंकत नाही, एवढंच."

माझा हा धाकटा भाऊ जन्मभर बोलला तो गाईंशीच. ऑक्टोबरात त्याची बायको लुर्देस गेली, जानेवारीत त्याने सगळ्या गाई विकल्या आणि जमीन शेजारच्या बदामवाल्याला दिली. मूलबाळ नाही, गुडघे गेलेले, करणार काय? लिलावाच्या दिवशी तो प्रत्येक गाईचं नाव सांगत होता. लिलाव करणारा म्हणाला, "मिस्टर, कानातला नंबर पुरे." तरी तो नाव सांगतच राहिला.

फारुस्को आत्ता माझ्या पायांशी घोरतो आहे. माझा नवरा आल्वारो गेल्यापासून या घरात कुणी घोरलं नव्हतं. देवा, उपकार.

२६ फेब्रुवारी

सेराफिमला पिस्तूल हवं आहे. पंपांची तांब्याची तार चोर कापून नेतात म्हणे. मला नवल वाटलं. लुर्देसने त्या घरात कधी बंदूक येऊ दिली नाही. तिचा थोरला भाऊ तरुणपणी बंदूक साफ करताना गेला होता, आणि त्याबद्दल त्यांच्या घरात कुणी बोलत नसे. पण चोरांचं खरं आहे. एकटा माणूस, आजूबाजूला नुसते बदाम.

गुडघ्याची शस्त्रक्रिया झाल्यामुळे त्याला गाडी चालवायची मनाई आहे, म्हणून मीच त्याला टर्लॉकला योनानच्या दुकानात नेलं. रस्ताभर बदामाचा बहर. पाकळ्या काचेला चिकटत होत्या. भाऊ शेजारी बसलेला. लहानपणी बैलगाडीत असेच बसायचो, फक्त लगाम त्याच्याकडे असायचा.

योनान बगदादहून आला तेव्हा एवढासा होता. मी शाळेच्या कचेरीत होते आणि हा शिक्षा म्हणून रोज माझ्यासमोरच्या बाकावर. आता केस पिकले, पण मला अजून 'बाई' म्हणतो. दुकानात एका बाजूला मासेमारीचं सामान, एका बाजूला बंदुका.

आयडाहोला आमचा चुलतभाऊ जिल्बेर्तो असतो. त्याच्याकडे आहे तसलंच करड्या रंगाचं पिस्तूल सेराफिमने मागितलं.

"काका, ते यादीत नाही."

"कसली यादी?"

"राज्याची. तपासून यादीत घातलेलं असेल तेवढंच नवं विकता येतं."

"अरे, हे काय समोर ठेवलंयस! तेच आहे ना?"

"हे काळं आहे. काळं यादीत आहे, करडं नाही."

"रंगाने गोळी बदलते का?"

"नाही."

"मग?"

"मग काही नाही. कायदा आहे."

मला हसू आवरेना. आमच्या कॉन्व्हेंटात पांढरे मोजे चालत, सायीच्या रंगाचे चालत नसत. "सिस्टर कोलुम्बा सॅक्रामेंटोला जाऊन कायदे करायला बसल्यात वाटतं," मी म्हटलं. योनान हसला. सेराफिम नाही हसला.

"आणि आधी परीक्षा द्यावी लागेल," योनान म्हणाला. "मग पैसे भरले तरी दहा दिवस थांबायचं."

"गाय घेताना कुणी एवढं विचारत नाही."

"गाय नको झाली तर परत विकता येते, काका. बरं, चोर कुठल्या पंपाची तार नेतात? पंप तर जमिनीबरोबर गेले ना तुमचे?"

सेराफिम म्हणाला, "चोराला काय माहीत कुणाचे आहेत ते." हजरजबाबी आहे माझा भाऊ.

५ मार्च

उद्यापासून उपासाचे दिवस, म्हणून आज पीठ मळून फिल्योज, आमच्या बेटावरच्या गोड पुऱ्या, तळले. सेराफिम स्वयंपाकघरात बसला आणि मी एका हातात झारा, एका हातात परीक्षेचं पुस्तक घेऊन त्याला प्रश्न विचारले. साखरेचे डाग पडले पुस्तकावर.

एक प्रश्न असा होता: घरातलं कुणी फार खिन्न असेल, कशातच मन लागत नसेल, तर बंदुकीचं काय करावं?

"घराबाहेर ठेवावी. दुसऱ्याच्या ताब्यात द्यावी," तो म्हणाला. जराही अडखळला नाही.

"शाब्बास!" मी म्हटलं. "सिस्टरांनी तुला पहिला नंबर दिला असता."

एवढ्यात तेल करपलं. तो एकच फिल्योज खाऊन उठला. पूर्वी टोपलीभर संपवायचा. वय झालं आमचं.

आज मिळालं: भावाबरोबर अख्खी दुपार.

६ मार्च

पाद्रींनी कपाळाला राख लावली. 'तू माती आहेस, मातीला मिळशील.' सगळ्यांनी घरी जाऊन तोंड धुतलं. सेराफिमने संध्याकाळपर्यंत राख तशीच ठेवली होती.

१४ मार्च

सेराफिमच्या वागण्याचं कोडं उलगडलं, आणि उलगडलं नसतं तर बरं असं झालं.

आज सेराफिमने लुर्देसची सोन्याची कर्णफुलं मला आणून दिली. परवा त्याने आपली हत्यारं आणि लोकरीचा जाड कोट ग्रेगोरियोला दिला. ग्रेगोरियो म्हणजे त्याच्याकडे वर्षानुवर्षं दूध काढणारा, आता आमच्या समाजाच्या सभागृहाची व्यवस्था बघतो. सेराफिमने वर्तमानपत्र बंद केलं, घर घासूनपुसून लख्ख केलं, आणि आता म्हणतो, "ताई, मुकुटाचा आठवडा ग्रेगोरियोला देऊन टाक."

पेन्टेकॉस्टच्या सणाआधी पवित्र आत्म्याचा चांदीचा मुकुट सात घरी जातो, घराला एक आठवडा. चिठ्ठ्या टाकून नावं निघतात. मागल्या वर्षी लुर्देसने आजारपणात नवस बोलून नाव घातलं आणि शेवटचा, सातवा आठवडा निघाला. केवढी हरखली होती!

"नवस तिचा होता," सेराफिम म्हणाला.

"नवस तिचा, घर तुझं. असं देता येत नाही."

"जूनमध्ये मी कुठे असेन कुणास ठाऊक."

"कुठे म्हणजे? पवित्र आत्म्याला काय आयडाहोचा पत्ता देऊ?"

माझ्या तोंडून गेलं आणि तेव्हाच मला सगळं कळलं. जिल्बेर्तोचे फोन येतात. तिकडे अजून गोठे आहेत, गाई आहेत. माझा भाऊ मला न सांगता आयडाहोला निघाला आहे. तो माझ्याकडे विचित्र नजरेने बघत राहिला, मग हसला. "आयडाहो," म्हणाला. "हो, तसंच समज."

फार रडले. मग स्वतःला बजावलं: लुर्देस गेल्यापासून तरी तो माझ्याजवळ होता. आज मिळालं: कर्णफुलं. घालायला धीर होत नाही.

२ एप्रिल

सेराफिमने योनानच्या दुकानात मागच्या टेबलाशी बसून परीक्षा दिली. सगळी उत्तरं बरोबर! तो आत होता तेवढ्यात मी योनानकडे मन मोकळं केलं. कुणाकडे तरी करायचंच होतं. कुत्रा दिला, हत्यारं दिली, कर्णफुलं दिली, मुकुट देऊन टाक म्हणतो, सगळं सगळं सांगितलं.

"आयडाहोला चाललाय रे तो मला टाकून."

योनान गळांची डबी पुसत होता. हात थांबला. "आयडाहोत थंडी भयंकर असते, बाई. कोट-बिट घेतला का त्यांनी?"

"अरे कोट कसला! होता तो लोकरीचा, तोसुद्धा ग्रेगोरियोला देऊन बसला."

योनानने डबी मिटवून बाजूला ठेवली. मला वाटलं, त्याला कंटाळा आला माझ्या रडगाण्याचा.

सेराफिम बाहेर आला. म्हणाला, करडं नको तर नको, काळं दे. तर योनान म्हणतो, "आज नाही जमणार. यादी बदलली. काळंही गेलं."

"गेलं? कधी?"

"आत्ताच."

आणि आम्ही दारापर्यंत जातो न जातो तोच टोपीवाल्या एका गड्याने तेच काळं मागितलं, आणि योनानने मुकाट्याने त्याचे कागद काढले! मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. गाडीत बसल्यावर मी आग पाखडली. "बाकावर बसवून बसवून या कार्ट्याला मी सुधारलं, आणि हा आपल्यालाच टोलवतो! म्हातारे पाहिले की यादी बदलते याची."

"ओरडू नकोस, ताई. पुढच्या गुरुवारी ये म्हणालाय."

एक मात्र खरं. त्याची यादी बदलत राहिली, तर माझ्या गाडीतल्या फेऱ्या वाढतील. देव मला क्षमा करो, पण मी आज त्या यादीसाठी प्रार्थना केली.

११ एप्रिल

यादी तशीच. योनान म्हणाला, "काका, आत या, चहा घेऊ." मला बोलावलं नाही. मी आपली प्लास्टिकच्या माशांमध्ये उभी. रंगीबेरंगी मासे, प्रत्येकाच्या पोटाखाली गळ. चहा चांगलाच लांबला. गिऱ्हाईक आलं तेव्हा मीच सांगितलं, मालक कामात आहेत.

सेराफिम बाहेर आला तेव्हा डोळे लाल.

"काय झालं?"

"धूळ आहे आत."

कालवा ओलांडल्यावर म्हणाला, "आधी ते दुकान योनानच्या वडिलांचं होतं."

"मला ठाऊक आहे. चांगला माणूस. मग?"

"मग काही नाही. त्याच मागच्या खोलीत गेले ते. योनान तेव्हा एकोणीस वर्षांचा. त्यानेच दार उघडलं."

"अरेरे. हार्ट?"

"तसंच काहीतरी."

मग म्हणाला, रविवारी योनानबरोबर मासे पकडायला जाणार आहे. सेराफिम आणि मासे! बेटावर असताना सगळी मुलं खडकांवर गळ टाकून बसायची आणि हा गोठ्यात. मी म्हटलं, "बघ हं, माशाला आचळ नसतात." चक्क हसला. आज मिळालं ते हेच.

२९ मे

मुकुटाच्या तयारीत वही बाजूला राहिली. रविवारी मुकुट येणार. बायकांनी सेराफिमचं घर ताब्यात घेतलं आहे, पडदे धुतले, चौरंगावर कागदी फुलांची मांडणी झाली. तो अंगणात उभा राहून आपल्याच घराकडे परक्यासारखा बघत होता.

गुडघा सुधारला, डॉक्टरांनी गाडी चालवायला परवानगी दिली. आणि माझ्या लाडक्या भावाने पहिलं काय केलं? काल एकटाच मोडेस्टोला जाऊन भलत्याच दुकानात काळं पिस्तूल घेऊन टाकलं! म्हणजे पैसे भरले, सह्या केल्या. हातात मिळणार दहा दिवसांनी.

"सात जूनला आणायला जायचं," त्याने इतक्या हळू सांगितलं की मला दोनदा विचारावं लागलं.

"मुकुट घरात असताना? पवित्र आत्म्यासमोर बंदूक? लुर्देस कबरीतून उठून येईल."

"घरात नाही आणणार."

"मग कुठे नेणार?"

त्याने तोंड फिरवलं. आयडाहोला नेणार, दुसरं काय.

संध्याकाळी योनानचा फोन आला. काका दोन रविवार आले नाहीत, बरे आहेत ना? मी सांगितलं, तुझी यादी घेऊन बस तू, त्याला दुसरीकडे मिळालं.

"कधी मिळणार, बाई?"

"सात तारखेला."

"मुकुटाच्या आठवड्यात मी घरी आलो तर चालेल का? मी तुमच्या चर्चचा नाही."

"सणाचं सूप सगळ्यांना असतं रे. ये की."

"रोज आलो तर?"

विचित्र मुलगा. पण गिऱ्हाईक गेलं तरी राग नाही धरला.

४ जून

मुकुट आला. केवढं घर भरलं! रोज संध्याकाळी जपमाळ, मग गोड पाव आणि वाइन. योनान रोज येतो, मागे उभा राहतो, त्याच्या अ‍ॅसिरियन लोकांच्या प्राचीन भाषेत काहीतरी पुटपुटतो. मुकुटाला एकटं सोडायचं नाही ही आमची रीत. आठवडाभर घरात कुणी ना कुणी असलंच पाहिजे, जागं नाहीतर निजलेलं. रात्री ग्रेगोरियो कोचावर झोपतो. सेराफिम म्हणाला, "त्याच्या घोरण्याने चांदीला तडा जाईल." सगळे हसले. लुर्देस असती तर डाळ-तांदूळ निवडावे तशी माणसं निवडून कामाला लावली असती तिने. मी नुसतीच धावते आहे.

७ जून

आज माझ्या हातून मोठी चूक झाली.

सगळी माणसं सभागृहात सुपाचं मांस कापायला गेली होती. दिवसाची पाळी मीच लावलेली. सकाळी ग्रेगोरियो बसेल असं मी सेराफिमला सांगितलं, आणि ग्रेगोरियोला सांगितलं शनिवार! योनान दुकानात, मी कोबीच्या डोंगरात बुडालेली. दुपार कलल्यावर ग्रेगोरियो माझ्यासमोर सुरी घेऊन उभा दिसला. मुकुट एकटा!

धावत गेले. अंगणात गाडी तशीच. आत सेराफिम मुकुटासमोर लुर्देसच्या खुर्चीत बसलेला. इस्त्रीचा पांढरा शर्ट, पॉलिश केलेले बूट, मुठीत गाडीची किल्ली. शर्ट घामाने चिंब. मूठ उघडली तर तळहातावर किल्लीचा वळ उमटलेला.

"कुणी आलंच नाही, ताई."

"चुकलं रे माझं. सगळा घोटाळा मीच केला. तुला जायचं होतं ना?"

"निघालोच होतो. दारापर्यंत गेलो चार वेळा." तो मुकुटाकडे बघत होता. "पण हा एकटा होता. टाकून कसा जाऊ?"

"आता जा. मी बसते. दुकान उघडं असेल अजून."

तो उठला नाही. खुर्चीच्या हातावर हात फिरवत राहिला. "शेवटी शेवटी ती इथेच बसायची. मला म्हणायची, गोठ्यात जा, मी ठीक आहे. मी जायचो, ताई. रोज जायचो."

आणि मग तो रडला. लुर्देसच्या मातीला रडला नव्हता, लिलावाला रडला नव्हता. मी त्याचं डोकं पोटाशी धरलं, आई धरायची तसं. मग जपमाळ म्हटली. मध्येच योनान धापा टाकत दारात आला, दुकान बंद करून आला होता. आम्हाला पाहून तिथेच उंबऱ्यावर खाली बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

जपमाळ संपल्यावर सेराफिमने नाक पुसलं. म्हणाला, "भूक लागलीय."

ऑक्टोबरपासून त्याने हा शब्द उच्चारला नव्हता. मी अंडी आणि लिंग्विसा सॉसेज तळली. दोघांनी मिळून तवा पुसून खाल्ला.

पाळीचा घोटाळा केल्याबद्दल खरं तर मला लाज वाटायला हवी. वाटत नाही. का, ते कळत नाही.

९ जून

पेन्टेकॉस्ट. पाद्रींनी सेराफिमच्या डोक्यावर मुकुट ठेवला. मुकुट जरा मोठा, कानांपर्यंत आला, आणि त्याचे कान लाल झाले. पुदिन्याची पानं टाकलेलं सूप, भिजलेला पाव, सगळ्या गावाला. योनानने दोन ताटं खाल्ली. जाताना त्याने सेराफिमला मिठी मारली ती सोडेचना.

"बाई," मला म्हणाला, "काका काही आयडाहोला जात नाहीत."

"तुला सांगितलं त्याने?"

"सांगितलं. माझ्याकडून गळाची काठी घेणार आहेत. चांगल्यातली."

"बघ हं, नाहीतर ती यादीत नसेल."

हसता हसता त्याचे डोळे भरून आले. भावनाशील आहेत ही माणसं, आमच्यासारखीच.

देवा, माझा भाऊ राहिला. किती आणि कसे उपकार मानू?

८ जुलै

मोडेस्टोच्या दुकानातून फोन आला होता म्हणे. पिस्तूल न्यायची मुदत संपली, आता हवं असेल तर पुन्हा पहिल्यापासून. मी हळहळले. "एवढ्या फेऱ्या, एवढा अभ्यास! फुकट गेलं रे सगळं."

"असू दे," सेराफिम म्हणाला. "आधी त्या करड्याचा राग आला होता. आता वाटतं, बरं झालं यादीत नव्हतं."

"करडा तुला शोभलाही नसता."

तो माझ्याकडे बघत राहिला, खूप वेळ, जसा हल्ली बघतो. मग म्हणाला, "ताई, तू फार चांगली आहेस." आमच्या घरात असं कुणी बोलत नाही. मी त्याला म्हटलं, कॉफी थंड होते आहे.

काही विचारावंसं वाटलं होतं. ओठांपर्यंत आलं होतं. सिस्टर कोलुम्बा म्हणायच्या, मिळालेली वस्तू उलटीपालटी करून बघू नये, पदर पसरून घ्यावी. मी नाही विचारलं.

कॉफी पिऊन तो अंगणात गेला आणि त्याने दोन बोटं तोंडात घालून शीळ वाजवली, गोठ्यावर वाजवायचा तीच. फारुस्को माझ्या पायांवरून उडी मारून सुटला.

"माझा कुत्रा दे."

"वा रे वा! दिलेली वस्तू परत मागतोस? लाज नाही वाटत?"

"नाही वाटत. त्याची घोंगडी कुठे आहे?"

ताट, घोंगडी, दोरी, सगळं दिलं. हल्ली घालू लागलेली कर्णफुलं काढून पुढे केली तर म्हणाला, ती राहू दे, तुला शोभतात. दोघं रस्त्याने चालत गेले. कुत्रा पुढे, भाऊ मागे, थोडासा लंगडत. वळणावर त्याने मागे न बघता हात वर केला.

घर फार शांत आहे. पायांशी कुणी घोरत नाही.

आज काही मिळालं नाही. उलट एक कुत्रा गेला. देवा, उपकार.